मागचा शॉक: हवेचा की स्प्रिंगचा?

माउंटन बाइकच्या मागच्या चाकाला एअर (हवेचा) शॉक घ्यावा की कॉइल (स्प्रिंगचा), हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. विचारणाऱ्याचं बहुतेक सगळं वाचून झालेलं असतं. एअर हलका, कॉइल लोण्यासारखा. एअर पंपाने हवा तसा जुळवता येतो, कॉइलला दर वेळी नवी स्प्रिंग लागते. हे सगळं खरं आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. मी एकाच फ्रेमवर दोन सीझन एअर आणि पुढचे दोन सीझन कॉइल चालवला. बदल केला तो अगदी क्षुल्लक वाटेल अशा एका कटकटीपायी. ती कटकट तुम्हालाही छळत असेल तर पुढचं वाचा. नसेल छळत, तर तुम्ही कदाचित एअरवरच सुखी आहात आणि मला तुम्हाला हलवायचं नाही.

आधी माझा संसार सांगतो, म्हणजे माझं बोलणं तुम्हाला कितपत लागू पडतं ते कळेल. मूळचा सांगलीचा, आता राहायला कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत. व्हिसलरचं बाइक पार्क घरापासून दोन तासांच्या आत, त्यामुळे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे बरेच शनिवार तिकडेच जातात. पाऊसपाण्याचे दिवस नॉर्थ शोअरच्या, म्हणजे व्हँकुव्हरच्या उत्तरेच्या डोंगरांतल्या, ओल्या मुळांवर. हेल्मेट, पॅड, पाणी सगळं धरून माझं वजन ८६ किलो. सायकलला मागे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक एवढं वर-खाली होतं), शॉक २५० बाय ७५ (लांबी २५०, स्ट्रोक म्हणजे जास्तीत जास्त दबणं ७५). म्हणजे शॉक एक मिलिमीटर दबला की चाक सरासरी पावणेतीनच्या आसपास वर येतं. आणि वेगाचं म्हणाल, तर ए-लाइन या व्हिसलरच्या जंपांच्या ट्रेलवर बारा-तेरा वर्षांची पोरं मला मागून हाळी देऊन ओलांडून जातात. तेव्हा खाली जे येईल ते रेसरचं मत नव्हे.

आता ती कटकट.

सप्टेंबरातली सकाळ, व्हिसलरचा पार्किंग लॉट. हातमोज्यातून बोटं गारठलेली. सायकल गाडीवरून उतरवली, शॉक पंप जोडला. काटा १६८ वर. मागच्या रविवारी मी १८० भरले होते. मग बारा पौंड गेले कुठे? सील गळतंय? की थंडीने कमी झाले? की पंप जोडताना गेले? पंप मारून १८० केले आणि नळी सोडली, तर फुस्स. त्या फुस्सचे किती धरायचे? मी पहिलं पूर्ण वर्ष १८५ भरत होतो. पाच त्या फुस्सचे, असा माझा हिशेब.

हा हिशेब चुकीचा होता, हे नंतर कळलं. पंप सोडताना जी हवा जाते ती नळीतली. शॉकचा व्हॉल्व्ह तोवर मिटलेला असतो. हवा कमी होते ती पंप जोडताना. शॉकमधली थोडी हवा नळीत आणि काट्यात शिरते, आणि काटा दाखवतो तो त्यानंतरचा दाब. थोडक्यात, शॉकमध्ये किती हवा आहे हे बघायला गेलं की ती बघण्यानेच कमी होते. त्या १६८ मधला किती भाग गळतीचा, किती थंडीचा आणि किती माझ्या बघण्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी एअर सोडला नसता. सकाळच्या पहिल्या रनला मागची बाजू जड, आळशी वाटायची. रिबाउंड (दबलेला शॉक किती वेगाने परत उघडेल ते ठरवणारा नॉब) दोन क्लिक मोकळा करायचा. तिसऱ्या-चौथ्या रनपर्यंत शॉकच्या डब्याला हात लावला तर चांगला कढत लागायचा. ए-लाइनच्या वळणांआधी ब्रेक मारून मारून जे खड्डेच खड्डे झालेले असतात, दुपारी तर वाळत घातलेल्या पापडांसारखे ओळीने, तिथे आता मागचं चाक लाथ मारायला लागायचं. मग रिबाउंड दोन क्लिक आवळायचा. दुपारी जेवायला तासभर थांबलो की शॉक पुन्हा थंड. पुन्हा पहिला पाढा.

याचं गणित अवघड नाही. १० अंशांना भरलेली १८० पौंडांची हवा ४५ अंशांना गेली तर ती २०४च्या आसपास भरते. अर्थात निगेटिव्ह चेंबरमधली, म्हणजे उलट्या बाजूने रेटणाऱ्या छोट्या कप्प्यातली, हवाही तापते आणि वरची थोडी वाढ खाऊन टाकते, त्यामुळे सगळेच्या सगळे २४ पौंड बुडाला जाणवतात असं मी म्हणणार नाही. पण काहीतरी नक्की जाणवतं. निदान मला जाणवायचं. उंचीचं कारण काही जण सांगतात, त्यात मात्र फारसा दम नाही. व्हिसलर गाव ६७५ मीटरवर आणि टॉप ऑफ द वर्ल्ड ट्रेलची सुरुवात २,१०० च्या वर, तरी बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक दोन-अडीच पौंडांचा. तो कोणाच्या बुडाला कळत असेल तर त्याला नमस्कार.

आणि या सगळ्यात खरा वैताग लाथेचा नव्हता, संशयाचा होता. सायकल बिनसली की पहिला संशय हवेवर. टायरमध्ये हवा जास्त आहे का, मी आज आखडून बसलोय का, पुढचा फोर्क बिघडलाय का, हे प्रश्न नंतर. लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मी शॉक चाचपून बघायचो, तापलाय का. समोर डोंगर, खाली अस्वलं चरतायत, आणि आमचं लक्ष डब्याच्या तापमानावर.

काही एअरवाले मित्र म्हणतात, "तू उगाच डोक्यात घेतोस, सकाळी एकदा भर आणि चालव." त्यांचंही खरं असेल. मोठ्या डब्याचे, वेगळी तेलाची टाकी असलेले नवे एअर शॉक माझ्या जुन्यापेक्षा उष्णता बरीच बरी सहन करतात असं ऐकतो, आणि एकदा मित्राचा चालवून बघितला तर मलाही तसंच वाटलं. आणि स्प्रिंगवाल्या शॉकमध्येही तेल असतंच, तेही तापून पातळ होतं. फक्त तिथे तापतं ते तेल. स्प्रिंग सकाळी ४००ची (एक इंच दाबायला ४०० पौंड लागणारी) असते ती संध्याकाळीही ४००चीच.

कॉइलकडे वळलो तेव्हा वाटलं, सुटलो. तसं झालं नाही. तीन स्प्रिंगा लागल्या.

वापरलेला कॉइल शॉक घेतला, त्याच्यावर आधीच्या मालकाची ३५०ची स्प्रिंग होती. कॉइलवर सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते, मोजणं हा एकट्याचा खेळ नाही. एअरला दांड्यावर रबराची रिंग असते, ती सरकवायची, सायकलवर अलगद बसायचं, उतरायचं, बघायचं. कॉइलला दांडा स्प्रिंगच्या आत दडलेला. मग दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरायला कोणीतरी लागतं. आमच्या गॅरेजमध्ये मी भिंतीला कोपर टेकवून पूर्ण सामानासह पेडलवर उभा, आणि बायको टेप घेऊन उकिडवी.

"दोनशे चोवीस."

"नीट बघ ना."

"मी नीटच बघतेय. तू हलतोयस."

२५० मधून २२४ गेले, २६ राहिले. ७५ च्या स्ट्रोकला ते झाले जवळपास ३५ टक्के. मला हवे होते ३०, म्हणजे साडेबावीस मिलिमीटर. मग मी काय केलं? लहानपणी बाबांच्या स्प्लेंडरवर मागे कोणी जाडजूड पाहुणा बसणार असला की मेकॅनिक पाना लावून शॉकॉप्सरची खाच एक-दोन घरं वर चढवायचा. तेच केलं. स्प्रिंगची कॉलर तीन-चार फेरे आवळली. टेपवर आकडा बरोबर आला. बायकोने सुटकेचा श्वास सोडला.

आणि सायकल पार बिघडली. नॉर्थ शोअरच्या बारीक मुळांवर मागचं चाक दगडासारखं टणाटण, आणि मोठ्या ड्रॉपला तळ गाठून ठण्ण. प्रीलोडने, म्हणजे अशी कॉलर आवळल्याने, स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीपासून दाबून ठेवली जाते, एवढंच. त्यामुळे सुरुवातीला हलायलाच जोर लागतो, आणि शेवटी ती मूळचीच मऊ असते. स्प्लेंडरवर पाहुणा स्टँडपर्यंत जायचा असतो, तिथे खपून जातं. कॉइलवर कॉलर स्प्रिंग खडखडणार नाही इतकीच, फार तर एक-दोन फेरे. त्याहून जास्त लागत असेल तर स्प्रिंग चुकली आहे.

मग वेबसाइटवरच्या गणकयंत्रात वजन टाकलं. त्याने ४५० सांगितली. ती घेतली तर टेपवर २३०, म्हणजे सॅग २० मिलिमीटर, २७ टक्के. त्या दिवशी मुळांवर सायकल पाण्यावर टाकलेल्या चपट्या दगडासारखी टप्पे घेत गेली. शेवटी ४००. टेपवर साडेदोनशे वजा साडेबावीस, बरोब्बर. त्या गणकयंत्रांना बहुधा फ्रेमच्या सरासरी लिव्हरेजवर (शॉक एक मिलिमीटर दबला की चाक किती हलतं त्यावर) भागवावं लागतं, आणि तुमची बसण्याची ढब त्यांना माहीत नसते. अंदाजापुरती बघा, पण स्प्रिंग घेताना दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की चरे न पाडता परत आणली तर बदलून देणार का.

हा कॉइलचा खरा दोष, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एअरवर हेच काम पंपाचे चार झटके आणि एक मिनिट. फक्त पंप मारल्यावर शॉक सावकाश, थोडा थोडा, दहा-बारा वेळा दाबून घ्या, म्हणजे हवा दोन्ही चेंबरमध्ये सारखी होते. मगच सॅग बघा. पुष्कळ लोक हे विसरतात आणि मग पुन्हा पंप शोधतात.

एअरच्या बाजूने दुसरा मोठा मुद्दा वजनातल्या चढउताराचा सांगतात. मी दर वर्षी एप्रिल-मेमध्ये सांगलीला जातो. तीन आठवडे आमरस, आईच्या हातची पुरणपोळी, वर तूप. परत येतो तेव्हा व्हिसलरच्या लिफ्ट सुरू झालेल्या असतात आणि मी चार किलोंनी वाढलेला असतो. मला वाटलं होतं, आता पुन्हा स्प्रिंगेचा खर्च. टेप लावला, तर सॅगमध्ये फरक पडला एका मिलिमीटरचा. ३० चे ३१ टक्के, फार तर साडेएकतीस. जूनअखेर तो आपोआप गेला. चार किलोंसाठी मी तरी स्प्रिंग बदलणार नाही.

पण फरक वीस किलोंचा असेल तर गोष्ट वेगळी. माझा मावसभाऊ कॅल्गरीहून आला होता, सामानासह ६६ किलो. माझ्या ४००वर बसला आणि म्हणाला, "दादा, ही मला आत घेतच नाहीये." त्याला ३०० लागली असती. दिवसभर तो उडत्या घोड्यावर बसल्यासारखा खाली आला आणि संध्याकाळी पाठ धरून बसला. घरात एक सायकल आणि चालवणारे दोन असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, एअर घ्या.

चालवण्यातला फरक थोडक्यात सांगतो, कारण तो शब्दांत नीट येतही नाही. बारीक खडबडीवर, ओल्या मुळांवर, श्लायरसारख्या ट्रेलवर जिथे चाक जमिनीला चिकटून राहायला हवं, तिथे कॉइल माझ्यासाठी बराच पुढे. एअरच्या सीलांना सुरुवातीला किंचित रेटा द्यावा लागतो, तो इथे नाही. मला ब्रेक थोडा उशिरा मारता येतो असं वाटतं. घड्याळ लावून बघितलेलं नाही, आणि लावलं असतं तरी माझ्या रनमध्ये दर वेळी इतका फरक असतो की त्यातून काही सिद्ध झालं नसतं. उलट ए-लाइनच्या मोठ्या जंपांवर एअरला मजा जास्त होती. जंपच्या कडेवरून सुटताना तो उसळी देतो, आणि चुकून सपाटीवर उतरलात तर शेवटच्या भागात हवा दाटून येते आणि सावरून घेते. कमी पडलं तर डब्यात एखादा प्लॅस्टिकचा स्पेसर वाढवायचा. तुमचा दिवस जंप लाइनवरच जात असेल तर कॉइल तुम्हाला थोडा झोपाळू वाटेल. मला अजूनही कधी कधी वाटतो.

वजन? अर्धा किलोच्या आसपास जास्त. लिफ्ट आहे, चालतं. सह्याद्रीत एखादी लांब ट्रॅव्हलची सायकल घेऊन स्वतः पेडल मारत किंवा ढकलत वर जात असाल तर तो अर्धा किलो तुम्हाला रोज भेटेल, तेव्हा त्याचा विचार करा. देखभाल कॉइलला कमी. एअरच्या डब्याचे सील आणि ग्रीस साधारण पन्नास तासांनी बघायला सांगतात. डँपरची (शॉकची हालचाल आवरणाऱ्या तेलाच्या भागाची) सर्व्हिस दोघांनाही लागतेच, तिथे बचत नाही.

कॉइल ठरवण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासा, नाहीतर माझ्या नावाने खडे फोडाल. तुमची फ्रेम. कॉइलची ताकद सरळ रेषेत वाढते, शेवटी दाटून येण्याचं काम फ्रेमच्या लिंकेजला करावं लागतं. माझ्या फ्रेमचं लिव्हरेज सुरुवातीला ३ च्या जवळ आणि शेवटी २.३-२.४ पर्यंत उतरतं, त्यामुळे जमलं. डाउनहिल फ्रेम बहुतेक अशाच असतात. पण जुन्या, सपाट रेषेच्या (लिव्हरेज शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहणाऱ्या) फ्रेमवर कॉइल टाकलात तर प्रत्येक ड्रॉपला तळ ऐकू येईल. आणि शॉकच्या टोकाला लांब योक (शॉक लिंकेजला जोडणारा दुबेळका तुकडा) असलेली फ्रेम असेल तर कंपनी कॉइलला परवानगी देते का हे आधी बघा. तिरक्या जोराने दांडा वाकल्याची उदाहरणं आहेत, आणि वॉरंटीवाले तेव्हा फोटो मागतात. नव्याने घेत असाल तर बऱ्याच कंपन्या एकाच घराण्यातले दोन्ही भाऊ विकतात, फॉक्सचे फ्लोट एक्स२ आणि डीएचएक्स२ तसे. त्यामुळे डँपर आवडला म्हणून एअर किंवा कॉइल गळ्यात पडतो असं आता फारसं होत नाही.

सेटिंगची माझी पद्धत दोन्हीला सारखीच आहे. आधी सॅग. मग रिबाउंड: फुटपाथच्या कडेवरून बसून खाली उतरायचं, मागची बाजू एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोनदा डुलली तर आवळा. ओळीने खड्डे आले की मागची बाजू खाली खाली बसत जात असेल तर मोकळा करा. स्प्रिंग कडक केलीत की रिबाउंडही एक-दोन क्लिक आवळावा लागतो, हे ४५०वर मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेशन (शॉक दबताना किती अडेल ते) सगळ्यात शेवटी. त्यातला हाय-स्पीड म्हणजे सायकलचा नव्हे, शॉकच्या दांड्याचा वेग. चालत्या वेगाने चौकोनी दगडावर आदळलात तरी तो हाय-स्पीडच. एका वेळी एकच नॉब, दोन क्लिक, आणि तोच ट्रेल पुन्हा. फोनमध्ये लिहून ठेवा, कारण लिफ्टमध्ये सगळं विसरायला होतं.

एअरच्या दोन वर्षांच्या माझ्या नोंदी उघडल्या तर पानोपानी आकडे आहेत. १८०, १८५, १७५, रिबाउंड ७, ९, ७, ८. कॉइलच्या पहिल्या महिन्यात तीन स्प्रिंगांचा गोंधळ, आणि त्यानंतर एकच ओळ: ४००, रिबाउंड ९, कॉम्प्रेशन जैसे थे. गेल्या सीझनमध्ये त्यात एकदाच भर पडली, ती सांगलीहून आल्यावर, एक क्लिक. आता सायकल बिनसली तर मी टायरची हवा बघतो, आणि ती ठीक असेल तर रात्री किती झोपलो ते आठवतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

तुमचा स्वभाव आकड्यांशी खेळण्याचा असेल, रोज सायकलचा कल थोडा बदलून बघायला आवडत असेल, तर हे सगळं वाचूनही तुम्ही एअर घ्याल आणि त्यात काही चूक नाही. पार्किंग लॉटमध्ये बोटं गारठलेली असताना पंप शोधायचा कंटाळा असेल, तर माझा काटा कुठे झुकतो ते तुम्हाला कळलंच असेल.

जुना एअर शॉक अजून कपाटात आहे, बाबांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून. विकायला काढला होता, दोघांचे फोनही आले. पण मावसभाऊ जुलैत पुन्हा येतोय. त्याच्यासाठी १३० पौंड भरून बघणार आहे. पंप मात्र सापडत नाहीये.